जुन्या गोव्याची ख्रिस्तमंदिरे : प्रस्तावना

फ्लॉरेन्स नगरीची ख्रिस्तमंदिरे, त्यांतील भित्तिचित्रे, वेदीवरील सुवर्णलेपित फलक आणि राजघराण्यांची संगमरवरी थडगी पाहून भारावलेल्या प्रवाशांनी मराठीत पुष्कळ लिहिले आहे, आणि ते वाचून आमच्या मनात इटलीविषयी जे कुतूहल जागे झाले ते योग्यच होते. परंतु त्याच फ्लॉरेन्समध्ये, मेदिची घराण्याच्या शिल्पशाळेत दहा वर्षे घडत राहिलेले एक भव्य स्मारक सुटे करून, गलबतावर चढवून, आफ्रिकेला वळसा घालून 1698 साली मांडवीच्या तीरी उभे करण्यात आले आणि आजही ते पणजीपासून सुमारे दहा किलोमीटरवर, कोणीही सकाळी जाऊन पाहावे असे विद्यमान आहे, ही गोष्ट आमच्या वाचकवर्गात अद्याप म्हणावी तितकी परिचित नाही. जुन्या गोव्यास आम्ही जातो, बॉम जेझूच्या दारात छायाचित्र काढून घेतो, संत फ्रान्सिस झेवियरच्या पेटीकडे मान वर करून पाहतो आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत किनाऱ्याकडे वळतो. त्या मंदिरांत काय पाहावे, कशापुढे थांबावे आणि जे दिसते ते कोणाच्या हातून निपजले, हे सांगणारे एखादे मराठी पुस्तक हाताशी असावे, अशी इच्छा मी दीर्घकाळ बाळगून होतो. प्रस्तुत ग्रंथाने ती पुरी केली आहे. आणि ग्रंथकारांनी प्रस्तावना लिहिण्याचे काम आंदर मावळातील एका खेड्यात राहणाऱ्या माणसाकडे सोपविले, याचे कारणही ग्रंथाच्या विषयाशी जवळून निगडित आहे.

आमच्या टाकवे बुद्रुकहून कान्हे स्थानकावर यावे, लोणावळ्याकडे जाणारी लोकल पकडून मळवलीस उतरावे, आणि मग उत्तरेस कार्ला व दक्षिणेस भाजे अशी दोन्ही लेणी पायी चालण्याच्या टप्प्यात येतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात जो मनुष्य एकदा नीट उभा राहिला आहे, त्याला ख्रिस्तमंदिराच्या रचनेचे प्राथमिक शिक्षण मुद्दाम द्यावे लागत नाही. मध्ये उंच लांबट दालन, त्याच्या दोन्ही बाजूंनी स्तंभांच्या रांगा, रांगांच्या पलीकडे अरुंद पार्श्ववीथी, टोकाला अर्धवर्तुळाकार वळण आणि तेथे स्तूप, दर्शनी बाजूस घोड्याच्या नालेसारखी विशाल खिडकी व तिच्यातून थेट स्तूपावर येऊन पडणारा प्रकाश, हे सर्व पाहताना एकोणिसाव्या शतकातील वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यास आरंभकालीन ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांचे स्मरण झाले आणि त्याने ते सविस्तर लिहून ठेवले. हे साम्य पाहून कोणी कोणाचे घेतले, असा वाद घालण्यात मला स्वारस्य नाही. मोठ्या समुदायाने एका पवित्र वस्तूसमोर एकत्र जमावे, तिच्याभोवती फिरता यावे आणि नजर आपोआप तिच्याकडेच वळावी, ही गरज एकदा उत्पन्न झाली की दगड किंवा लाकूड हाती असलेले कुशल कारागीर कोणत्याही देशात जवळजवळ त्याच उत्तराशी येऊन पोहोचतात, असे माझे मत आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे 124 फूट लांब आणि 46 फूट उंच आहे. त्यात 37 स्तंभ असून दोन्ही बाजूंच्या रांगांतील स्तंभांच्या माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती व त्यांवर आरूढ झालेली युगुले आहेत. छताखालच्या लाकडी कमानी सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या असून अद्याप जागेवर आहेत. स्तंभांवरील लेखांत धेनुकाकट गावच्या यवन दात्यांची नावे आढळतात, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या माणसांनी या मुलखात येऊन, येथल्या धर्मासाठी, येथल्या पाथरवटांकडून काम करवून घेतले. समुद्रमार्गे आलेला दाता आणि भूमीवरचा कारागीर ही जोडी ध्यानात धरूनच वाचकाने जुन्या गोव्याच्या वेशीतून आत जावे. तेथे हीच जोडी दीड सहस्रकानंतर पुन्हा भेटते. मात्र या खेपेस दाता हाती तलवार घेऊन आलेला असतो.

हा तलवारीचा उल्लेख टाळून पुढे जाणे शक्य नाही, आणि ग्रंथकारांनी तो टाळला नाही याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. 25 नोव्हेंबर 1510 रोजी, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाही अंमलातून गोवे हस्तगत केले. पुढील अर्धशतकात तिसवाडीतील आणि त्यानंतर साष्टी व बारदेशातील देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. 1560 साली इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि मधल्या थोड्या वर्षांचा खंड वगळता ते 1812 पर्यंत चालले. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न मिशनांकडे वर्ग झाले. ज्या कुटुंबांनी रातोरात कुलदेवतेची मूर्ती खाडीपार नेली, त्यांचे वंशज आज पुण्यात, मुंबईत, बेळगावात आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना जुन्या गोव्याच्या वैभवाचे वर्णन वाचवत नाही, हे मी जवळून जाणतो. त्या दुःखाला उत्तर म्हणून मी येथे काही मांडणार नाही. एवढेच म्हणेन की, ज्या हातांनी ही मंदिरे बांधली, कोरली, रंगविली, ते हात बहुतांशी त्याच भूमीचे होते. त्यांच्या कामाकडे पाठ फिरवली तर ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांच्याच कौशल्याकडे आपण पाठ फिरवतो.

मंदिरांत सर्वांत विशाल ते से कॅथेड्रल. गोवे जिंकले त्या दिवसाच्या स्मरणार्थ ते संत कॅथरीनला अर्पण केलेले आहे. काम 1562 मध्ये सुरू झाले, इमारत 1619 मध्ये पुरी झाली, वेद्यांचे काम त्यानंतरही चालू राहिले. लांबी 250 फूट, म्हणजे आमच्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दुप्पट. समोरच्या दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 साली कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात, मधुर नादाबद्दल ख्याती पावलेली सुवर्णघंटा टांगलेली आहे. आत गेल्यावर मधले दालन व दोन पार्श्ववीथी ही ओळखीची मांडणी दिसते, आणि शेवटी भिंतभर उंचीची, सोनेरी मुलाम्याची लाकडी वेदी, जिच्यावर संत कॅथरीनच्या जीवनातील आणि हौतात्म्यातील प्रसंग मोठ्या फलकांवर कोरलेले आहेत. या वेदीला गोव्यात सर्वत्र आल्तार म्हणतात. मला स्वतःला या मंदिराविषयी आदर वाटतो, जवळीक वाटत नाही. त्याच्या विस्तारात साम्राज्याचा दरबारी डौल अधिक आहे.

बॉम जेझूची गोष्ट निराळी. जेझुइट संघाने 24 नोव्हेंबर 1594 रोजी त्याचा पाया घातला आणि 15 मे 1605 रोजी आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या हस्ते त्याचे अभिषेचन झाले. रोममध्ये या संघाचे मातृमंदिर असलेले जेझू या पायाभरणीआधी दहा वर्षे, 1584 मध्ये, अर्पण झाले होते, आणि एकच प्रशस्त दालन, श्रोत्याला प्रवचन नीट ऐकू यावे अशी रचना, ही त्या संघाची रीत गोव्यातही दिसते. इमारत जांभ्याची, परंतु दर्शनी भिंतीवरील अर्धस्तंभ काळ्या बसाल्टचे असून तो दगड वसईहून समुद्रमार्गे आणवलेला आहे. लाल भिंतीवरच्या या काळ्या उभ्या रेघा पाहताना मावळच्या माणसाला आपला मुलूख आठवल्यावाचून राहत नाही, कारण वसईचा दगड आणि कार्ल्याचा कातळ ही एकाच दख्खनी अग्निजन्य खडकाची संतती होय. जांभ्यावर बारीक नक्षी टिकत नाही, तो सच्छिद्र आणि ठिसूळ. बसाल्टवर छिन्नीची धार घेते तितकी रेषा उमटते. म्हणूनच जेथे कडा तीक्ष्ण हव्या होत्या, जेथे शिखरावरील फलकात येशूच्या नावाची आद्याक्षरे कोरायची होती, तेथे हा दूरचा दगड योजला गेला.

आतील आल्तारासमोर वाचकाने घाई करू नये. खाली लहानगा येशू. त्याच्या वर, पुरुषभर उंचीहून कितीतरी मोठी, संघसंस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची मूर्ती. तिची मुद्रा वर वळलेली, कारण तिच्याही वर सूर्यकिरणांनी वेढलेल्या चक्रात ती आद्याक्षरे पुन्हा तळपत आहेत. आणि सर्वांच्या माथ्यावर पिता, पुत्र व पवित्र आत्मा. बालकापासून संताकडे, संताच्या नजरेतून नामाकडे, नामातून त्रैक्याकडे, अशी पाहणाऱ्याची दृष्टी टप्प्याटप्प्याने वर चढविण्याची योजना ज्याने केली त्याला लाकूडकामाइतकेच प्रवचनाचेही शास्त्र अवगत होते. व्यासपीठाकडेही अवश्य पाहावे: वरच्या भागी येशू, चार शुभवर्तमानकार आणि चर्चचे चार आचार्य, तर तळाशी तो सारा भार पेलणाऱ्या सात आकृती आहेत.

आता ज्या वस्तूपासून मी आरंभ केला तिच्याकडे येतो. संत फ्रान्सिस झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर निवर्तले. त्यांचा देह 1554 मध्ये गोव्यास आणला गेला. 1622 मध्ये रोमने त्यांना संतपद दिले. मार्चेल्लो मास्त्रिल्ली नावाच्या नेपल्सच्या एका जेझुइटाने पुढाकार घेऊन 1636-37 या काळात गोव्याच्या सोनारांकडून देहासाठी चांदीची पेटी घडवून घेतली. आराखडा इटालियन माणसाचा, घडाई गोमंतकीय हातांची. पेटीच्या बाजूंवर 32 फलक असून प्रत्येकात संताच्या चरित्रातील एकेक प्रसंग उठावदार ठोककामात उमटविला आहे, आणि फलकांच्या भोवतीची चांदीची चौकट इतकी दाट आहे की रिकामी जागा म्हणून राहिलेली नाही. ही रिक्तस्थानाविषयीची असहिष्णुता इटलीच्या शिल्पशास्त्राला मानवणारी नव्हे. आपल्या देव्हाऱ्यांच्या प्रभावळीत, पालखीच्या दांड्यांवर, देवळाच्या गाभाऱ्याच्या चांदीच्या दारांवर ती आपण पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे. सोनाराने प्रसंग परकीय चित्रांवरून घेतले असतील, परंतु हातोडीची सवय त्याच्या घरची होती.

या पेटीखालचा चबुतरा म्हणजेच फ्लॉरेन्सचे ते स्मारक. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यास संताचे मस्तक ज्या उशीवर विसावले होते ती उशी भेटीदाखल मिळाली, आणि तिची उतराई म्हणून त्याने आपल्या दरबारी शिल्पकाराकडून, जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून, हे स्मारक घडवून घेतले. ते जुळवून उभे करण्यासाठी प्लाचिदो राम्पोनी नावाचा कारागीर फ्लॉरेन्सहून स्वतः गोव्यापर्यंत आला, आणि त्याने या प्रवासाची रोजनिशी लिहून ठेवली. खाली नानारंगी संगमरवर व जास्पर यांचे थर. मधल्या टप्प्यावर चार बाजूंना चार कांस्यफलक, ज्यांत संताचे धर्मप्रवचन, बाप्तिस्मा, हल्लेखोरांपासून सुटका आणि सांचियानवरील अंत हे प्रसंग आहेत. त्यावर कठडा, आणि सर्वांवर ती चांदीची पेटी. मृत्यूच्या फलकापुढे किंचित वाकून, बाजूने पाहिले असता फोज्जिनीची करामत लक्षात येते: पुढच्या आकृती जवळजवळ पूर्ण गोल, मागच्या हळूहळू सपाट होत जाणाऱ्या आणि अगदी मागे केवळ रेषेने सुचविलेल्या, त्यामुळे चार बोटे जाडीच्या धातूत कोसभर अंतर सामावल्याचा भास होतो. ही दृष्टी खास इटालियन. वरच्या पेटीवरच्या सोनाराला या खोलीची गरज भासली नाही. त्याच्या फलकात सर्व माणसे एकाच रांगेत, सारख्याच महत्त्वाने उभी राहतात. दोन सुसंस्कृत परंपरा एकावर एक रचलेल्या, आणि दोघींना जोडणारा केवळ एक देह, असे दृश्य निदान मला माहीत असलेल्या कोणत्याही इटालियन शहरात नाही. ग्रंथकारांचा कल फोज्जिनीकडे आहे. माझा चांदीकडे आहे, आणि हा मतभेद त्यांनी आनंदाने मान्य केला.

इटलीचा आणखी एक वारसा म्हणजे संत कायतानचे मंदिर. गोवळकोंड्यात धर्मकार्य करण्यासाठी धाडलेल्या थिआतिन संघाच्या इटालियन पाद्र्यांना तेथे थारा मिळाला नाही. 1640 मध्ये ते गोव्यात स्थिरावले आणि सतराव्या शतकाच्या मध्यास त्यांनी रोमच्या संत पीटर मंदिराच्या धर्तीवर, लहान प्रमाणात, घुमट असलेले हे मंदिर उभारले. सुबक आहे, परंतु नमुन्याशी इतके इमान राखले आहे की त्यात गोवे कमी आणि रोम अधिक आढळते. त्यापेक्षा संत फ्रान्सिस ऑफ असिसीचे मंदिर पाहण्यात मला अधिक सुख वाटते. 1661 मध्ये ते नव्याने बांधताना जुन्या मंदिराचा मानुएलीय शैलीतील दरवाजा तेवढा जपून ठेवला. आत भिंतींवर दाट वेलबुट्टी रंगविलेली आहे, वेदीच्या दोन्ही बाजूंस लाकडावर संताच्या चरित्राची चित्रे आहेत, आणि पायाखाली पोर्तुगीज सरदारांच्या ढालचिन्हांनी भरलेले थडग्यांचे दगड. लगतच्या मठात 1964 पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे.

कारागिरांविषयीचे प्रकरण हा या ग्रंथाचा प्राण होय. 1567 मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजाचित्रे व उपासनावस्तू अन्यधर्मीय कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. अशा मनाया पुढेही होत राहिल्या, आणि ज्या हुकमाची पुनरुक्ती करावी लागते तो पाळला जात नव्हता हे दप्तर चाळणाऱ्या कोणासही कळेल. सुतार, सोनार, मूर्तिकार, हस्तिदंताचे कारागीर यांच्यावाचून मिशनचे काम अडत होते. त्यांच्या हातून मेरीच्या डोळ्यांना पाकळीची लांबट रेघ आली, देवदूतांचे गाल फुगीर झाले, आणि गोव्यातील कित्येक व्यासपीठांच्या तळाशी मत्स्यपुच्छ नागिणी येऊन बसल्या. सांता मोनिकाच्या मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात ही हस्तिदंती व लाकडी मूर्तिसंपदा निवांतपणे पाहता येते. उलट दिशेचा प्रवाहही ग्रंथकारांनी दाखविला आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळी, 1738 च्या सुमारास पुरे झालेले कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ पाहावे: घुमट, कमानदार खिडक्यांच्या ओळी, आणि समोर मजल्यांवर मजले चढवीत गेलेली दीपमाळ, या सर्वांत चर्चच्या मनोऱ्याची ओळख स्पष्ट पटते. निर्वासित देवीने आपले नवे घर बांधताना ज्यांनी तिला निर्वासित केले त्यांच्या वास्तुकलेतून निःसंकोच निवड केली, यात मला मोठा आत्मविश्वास दिसतो. राशोलच्या जेझुइट परिसरात 1616 साली छापून निघालेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी क्रिस्तपुराण हेही याच देवघेवीचे वाङ्मयीन रूप असून, त्या ओव्या ज्या वेद्यांसमोर वाचल्या जात त्या वेद्यांसह त्यांचा विचार व्हावा, ही ग्रंथकारांची सूचना मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी मनावर घ्यावी.

ऱ्हासाची कथा मी थोडक्यात उरकतो. साथींनी शहर ओस पडत गेले, 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, 1835 मध्ये धर्मसंघांची बरखास्ती झाली, 1842 मध्ये संत ऑगस्टिनच्या मंदिराचे छत ढासळले आणि आज त्याचा एक उंच भग्न मनोरा तेवढा उरला आहे. 1986 साली युनेस्कोने या वास्तुसमूहाची जागतिक वारशात नोंद केली.

परंतु बॉम जेझूच्या गिलाव्याविषयी मला आग्रहाने लिहिले पाहिजे. आज त्या मंदिराचा जो तांबडा, उघडा दगड सर्व चित्रपत्रांवर दिसतो, तो त्याचा मूळ वर्ण नव्हे. 1950 च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतच, भिंतींवरील चुन्याचा गिलावा प्राचीनपणाचा भास व्हावा म्हणून उतरविण्यात आला, आणि तेव्हापासून तो सच्छिद्र जांभा दरवर्षीच्या पावसात झिजत आहे. 2020 मध्ये खुद्द मंदिराच्या व्यवस्थापनाने गिलावा पुन्हा चढविण्याची जाहीर मागणी केली. आम्ही मावळातील माणसे पाऊस म्हणजे काय ते जाणतो. आमच्याकडे मातीच्या घराच्या पावसाकडील भिंतीला ज्येष्ठ संपण्यापूर्वी गवताचा आडोसा बांधल्यावाचून कोणी स्वस्थ झोपत नसे. जांभ्याच्या भिंतीचा चुना हा तसाच आडोसा आहे. लोकांना उघडा दगड आवडू लागला, हे त्याला उघडा ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. गिलावा परत चढवावा, आणि लवकर चढवावा.

शेवटच्या प्रकरणात ग्रंथकारांनी पुण्याचा धागा जोडला आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. 1902 मध्ये गोव्यातील सांतु इस्तेव बेटावर जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांच्या परंपरेत शिकले, आणि परत आल्यावर त्यांनी मेरीला लुगडे नेसवून, अनवाणी, आपल्याकडच्या स्त्रीच्या रूपात रंगविले. गोव्यातील धर्मधुरीणांना ते रुचले नाही. पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला आणि 1967 मध्ये अंत होईपर्यंत त्यांचे बहुतेक काम तेथे झाले. जे रूप जुन्या गोव्याच्या अनाम मूर्तिकारांच्या छिन्नीतून मनाई असतानाही चोरपावलांनी येत होते, ते येथे चित्रकाराने आपले नाव लिहून, उघडपणे पुढे मांडले.

ग्रंथकारांकडे माझी एक मागणी आहे. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई सर केली, आणि तेथील चर्चच्या घंटा आमच्या देवळांत आल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर टांगलेल्या घंटेवर 1721 हे साल वाचता येते, आणि आमच्या उत्तरेस भीमाशंकराच्या देवळासमोरील घंटाही वसईचीच म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु या घंटा जेथून आल्या त्या मंदिरांची हकिकत मराठीत एकत्र सापडत नाही. वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चवास्तू, रेवदंड्याच्या तटाआडचे अवशेष, आणि वसई तालुक्यातील आजही नांदत्या असलेल्या मराठीभाषक ख्रिस्ती गावांतील जुन्या वेद्या यांची याच पद्धतीने, मोजमापे घेऊन आणि जवळून पाहून, नोंद करणारा दुसरा भाग त्यांनी हाती घ्यावा. वसईच्या दगडी कमानींवर उंबराची व पिंपळाची मुळे उतरू लागली आहेत, तेव्हा हे काम येत्या हिवाळ्यातच सुरू व्हावे.

टाकवे बुद्रुक, तालुका मावळ